पळणाऱ्याचं काम

गेली तेहतीस वर्षं आमच्या करजखेड्यात पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं, की शाळेच्या ओट्यावर एक नाटुकली होते. ती मी लिहिलेली आहे. वीस मिनिटांची आहे, पाऊस आला तर बारा मिनिटांत उरकते. बेचाळीसच्या चळवळीत आमच्या गावचा एकोणीस वर्षांचा प्रेमचंद तिरंगा घेऊन चावडीवर गेला आणि पोलिसांच्या गोळीनं मेला, त्याची ही नाटुकली. तिच्यात त्याच्याबरोबर त्याच्या घरचा सालदार नवलसिंग असतो. सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी अशा वर्षाच्या बोलीनं शेतावर ठेवलेला गडी. बंदुका दिसताच नवलसिंग पळून जातो. प्रेमचंद त्याच्या पाठीकडे बघत म्हणतो, "जा गड्या, ज्याला जीव प्यारा त्यानं घर गाठावं!" आणि एकटाच पुढे होतो. टाळ्या त्या वाक्याला पडतात. मरणाला एवढ्या पडत नाहीत.

मी दोधू गुरुजी. याच शाळेतून दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. निवृत्त माणसाला गावात कोणी फारसं विचारत नाही, पण मला ऑगस्ट महिन्यात भाव असतो. तालमीला बोलावतात, खुर्ची देतात, चहा देतात. सारंगखेड्याच्या यात्रेत अनोळखी माणसानं ओळख विचारली तर बरोबरचा माणूस सांगतो, "प्रेमचंदभाईंची नाटुकली लिहिणारे ते हेच." हे ऐकायला मला आवडत नव्हतं, असं म्हणालो तर खोटं होईल. आणि खोट्याचा कोटा माझा आधीच भरलेला आहे.

नाटुकलीत प्रेमचंदचं काम गुजर पाटलांच्या घरातला मुलगा करतो आणि पळणाऱ्याचं काम भिलाटीतला, म्हणजे नवलसिंगच्या भिल्ल वस्तीतला. असं कुणी ठरवलेलं नाही, लिहिलेलं तर मुळीच नाही, पण कधी बदललंही नाही. हळूहळू गावात असं झालं, की कबड्डीत भिलाटीतला मुलगा मागे सरला की बाहेरून आरोळी यायची, "पळना रे नवल्या!" सुई टोचायला नर्सबाई आल्या आणि एखादं पोर आईमागे दडलं की बाया म्हणायच्या, नवल्याच्या घरचं शे. मी हे ऐकून हसलेला माणूस आहे. आपलं लिहिलेलं लोकांच्या तोंडी बसलं याचाच आनंद जास्त होता.

यंदा जुलैच्या शेवटी नवलसिंगची पणती चेतना माझ्याकडे आली. नवलसिंगची मुलगी कालीबाई, तिचा मुलगा भीमसिंग आणि भीमसिंगची ही पोर. पाचवीपर्यंत माझ्याच हाताखाली होती. आता शहाद्याच्या कॉलेजात इतिहास घेऊन शेवटच्या वर्षाला आहे. आपल्या गावातला स्वातंत्र्यलढा असा काहीतरी प्रकल्प तिला करायचा होता.

"सर, आमच्या मॅडम म्हणतात, प्रत्येक विधानाला संदर्भ पाहिजे," ती म्हणाली. "प्रेमचंदभाईंना गोळी लागल्याचा संदर्भ मला मिळाला, हुतात्म्यांच्या यादीत आहे. पण माझे पणजोबा पळाले, ते कशावरून?"

"जुन्या माणसांकडून ऐकलेलं," मी म्हणालो.

"कोणाकडून, सर?"

"आता त्यातलं कोणी हयात नाही."

तिनं मान डोलावली आणि तेसुद्धा वहीत उतरवून घेतलं, सुवाच्य अक्षरात. अक्षर मीच वळवलेलं होतं. चहा पिऊन, पाया पडून ती गेली. आमच्या सुंदरबाई आत पाटावर बसून लसूण सोलत सगळं ऐकत होत्या. बायको एवढ्या शांतपणे लसूण सोलते तेव्हा पुढचं बोलणं ठरलेलं असतं.

"ती पोर तुम्हनाकडे देखे आनि तुम्ही कपमा देखेत," ती म्हणाली. "काय व्हतं त्या कपमा?"

तिला सगळं ठाऊक होतं. मी विसरलोय की विसरल्याचं सोंग करतोय, एवढंच तिला बघायचं असावं.

दुपारी मी पत्र्याची पेटी उघडून ब्याण्णव सालची वही काढली. बेचाळीसला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या वर्षी शाळाशाळांत काही ना काही करा, असं वरून आलं होतं. मी तेव्हा पस्तिशीचा, अंगात हौस मावत नव्हती. प्रेमचंदची धाकटी बहीण जसोदाबाई तेव्हा हयात होती. भाऊ गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि माडीच्या खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं. मी तिच्यासमोर बसून शब्दाला शब्द लिहून घेतलं. वहीत अजून आहे ते, शाई जरा फिकी झाली आहे इतकंच.

"दादा पडना, तशा बठ्ठा लोक पळनात. नवल्या तेवढा पळना नही. त्यानी दादाले खांदावर टाकं. झेंडाबी त्यानाच हातमा व्हता. नालाले पूर व्हता, त्यामाईन दादाले घर आणं, ओटावर ठेवं. दादानी घरमाच जीव सोडा. मंग पोलीस उनात आनि नवल्याले मारत मारत लई गयात. चार महिना तो उना नही."

वहीत हे होतं आणि माझ्या पहिल्या नाटुकलीतही हेच होतं. शेवटी नवलसिंग प्रेमचंदला खांद्यावर घेऊन जातो आणि पडदा पडतो. पडदा म्हणजे सुंदरबाईची जुनी साडी. घोटाळा तालमीत झाला. प्रेमचंदच्या कामाला मी पाटलांच्या घरातला हेमकांत निवडला होता, प्रेमचंदच्या चुलत नातवांपैकीच. सहावीत होता, पण तुपावर वाढलेला, दोन बाकांची जागा घेणारा. नवलसिंगच्या कामाला त्याचा सख्खा नातू भीमसिंग. काडीसारखा. त्याला हेमकांत उचलेना. एकदा पाय सुटले, एकदा डोकं जमिनीला लागलं. तिसऱ्यांदा दोघंही झेंड्यासकट आडवे झाले आणि अख्खी शाळा खो-खो हसली. हेडमास्तर हसले, मीही हसलो.

मग हेडमास्तरांचं हसू एकदम थांबलं. "पाहुण्यांसमोर हुतात्म्याला लोक असे हसले तर माझी बदली पार डोंगरात, खापर गावाच्या पलीकडे होईल," ते म्हणाले. "तो उचलण्याचा भाग काढून टाका. हुतात्मा एकटा राहू द्या."

"मग सालदाराचं काय करू?"

"त्याचं काहीही करा हो."

मी भीमसिंगला म्हणालो, "तू असं कर, बंदूक दिसली की पळ." त्यानं विचारलं, "कोठे पळू, सर?" मी म्हणालो, "पाण्याच्या टाकीमागे." तो पळाला. चांगला चपळ पळाला. त्यानंतर ओट्यावर हेमकांत हातात झेंडा घेऊन एकटाच उभा राहिला आणि मला दिसलं, की एकटा माणूस किती उंच दिसतो. ते "जा गड्या" वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. नवलसिंगचा चार महिन्यांचा तुरुंग, पाठीवरचे वळ, पुरातला नाला, हे सगळं मी पाण्याच्या टाकीमागे टाकलं, कारण एका मुलाला दुसरा मुलगा उचलता येत नव्हता. तेव्हा मला लाज वाटली नाही. आज सांगताना वाटते.

जसोदाबाई पुढच्या खुर्चीत बसून नाटुकली बघत होती. तिनं डोळे पुसले, माझ्या हातावर पेढा ठेवला, दादाला जसाच्या तसा उभा केलात म्हणाली. पळण्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी ती गेली. नवलसिंग मात्र त्यानंतरही सहा वर्षं जगला. पाटलांच्याच खळ्यावर राखणीला असायचा. रोज शाळेत जाताना भेटायचा, कपाळाला हात लावून राम राम करायचा. मी त्याला कधी काही विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं असं मी स्वतःला सांगत आलो, पण तसं नव्हतं. मला त्याची गरज वाटली नाही.

आता चेतनाच्या प्रकल्पापुरतंच असतं तर मी तिला पुन्हा बोलावून हळूच वही दाखवली असती आणि गप्प बसलो असतो. पण यंदा गावात प्रेमचंदचा अर्धपुतळा बसायचा होता. हेमकांत आता सरपंच आहे, त्यानं लोकवर्गणी काढून शहाद्याहून पुतळा आणि खाली बसवायला काळा दगड घडवून आणला होता. आपलं नाव त्या दगडावर आहे, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेलो. दगड ट्रॉलीत गोणपाटाखाली होता. हेमकांतनं मोठ्या कौतुकानं गोणपाट बाजूला केलं.

"देखा सर, तुम्हनं वाक्य जसंच्या तसं लिन्हं."

दगडावर कोरलेलं होतं: सोबतचा सालदार नवलसिंग भयाने पळून गेला असताही हुतात्मा प्रेमचंद एकटे पुढे झाले. त्याखाली "जा गड्या", आणि त्याखाली बारीक अक्षरांत, संहिता : दोधू गुरुजी.

साडीच्या पडद्यामागचं खोटं वेगळं आणि दगडावरचं वेगळं. मी तिथेच ट्रॉलीपाशी हेमकांतला सगळं सांगितलं. वही पिशवीत होती, तीही दाखवली. त्यानं आपल्या आत्याआजीचे शब्द दोनदा वाचले.

"ती तालीम माले याद शे ना, सर," तो म्हणाला. "मन्हा गुडघा फुटना व्हता. त्याले मी उचलाये ना, मंग तुम्ही त्याले पळाले लावं."

"तुला आठवत होतं? मग इतकी वर्षं तू बोलला का नाहीस?"

"तुम्हीच सांगं व्हतं, नाटकमा असंच ऱ्हास." तो गोणपाट पुन्हा दगडावर ओढू लागला. "सर, राहू द्या आते. आज तुम्ही म्हनशात, पळना हाई खोटं. उद्या कोणी म्हनी, गोळीबी खोटी. मंग आम्ही कोणले काय दखाडसूत? आमना घरमा दुसरं काय शे? केळी शे, ऊस शे. ते बठ्ठासकडे शे. प्रेमचंदबाबा एकच शे."

हेमकांत वाईट माणूस नाही. लहानपणी तो वर्षातून एक दिवस ओट्यावर मरायचा आणि गाव त्याच्यासाठी रडायचं. त्या एका दिवसावर तो मोठा झाला, सरपंच झाला. त्याचा राग यावा असं मला फार वाटत होतं, पण आला नाही. ते त्याला मीच शिकवलेलं होतं.

पंधरा ऑगस्टला दोन आठवडे उरले होते. त्या दिवशी पुतळ्याचं अनावरण होतं आणि त्याआधी माझा सत्कार. सत्काराला उत्तर म्हणून दोन शब्द बोलायचे, असं पत्रिकेत छापलेलं होतं. मी ते दोन शब्द रोज लिहायचो आणि रोज फाडायचो. कधी "नजरचुकीने" लिहायचो, कधी "नाट्यमयतेसाठी", कधी सगळं हेडमास्तरांवर ढकलायचो. ते बिचारे वारले होते, तक्रार करायला येणार नव्हते. चेतनाला बोलवायचंही तेवढ्यात राहून गेलं. शेवटी सुंदरबाईनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"भाषण नका लिखू," ती म्हणाली. "तुम्हनं लिखामुळेच तर हाई बठ्ठं व्हयनं. उभा ऱ्हा आनि सांगा."

पंधरा ऑगस्टला सकाळपासून आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. प्रभातफेरी झाली, झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं. शहाद्याहून पाहुणे आले होते. पुतळ्यावर भगवं कापड होतं आणि दगडावर वेगळं पांढरं. भिलाटीतल्या बाया कुंपणाशी जमिनीवर बसल्या होत्या, त्यांच्यात कालीबाई होती, शेजारी चेतना. भीमसिंग फाटकाबाहेर ट्रॅक्टरवर बसला होता. पाटलांचा ट्रॅक्टर तोच चालवतो. ओट्याच्या कडेला नाटुकलीची मुलं रंग लावून तयार होती. भिलाटीतली बहुतेक मुलं आता आश्रमशाळेत जातात, म्हणून पळणाऱ्याचं काम यंदा पाचवीतल्या एका मुलीला दिलेलं होतं. धोतर नेसवून, मिशा काढून तिला उभी केली होती.

मला शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात दिला. मी वही उघडून जसोदाबाईचे शब्द वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणालो, "नवलसिंग पळाला नाही. त्यानं प्रेमचंदला खांद्यावर घरी आणलं आणि त्यासाठी चार महिने मार खाल्ला. हे मला ब्याण्णव सालापासून माहीत आहे. तो पळाला, हे मी लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला सोयीचं होतं म्हणून. या ओट्यावरून तेहतीस वर्षं मी एका माणसाला पळपुटा ठरवलं. त्या दगडावरचं वाक्य खोटं आहे."

तेवढ्यात ओट्याच्या कडेची ती मिशावाली पोर मोठ्यानं म्हणाली, "सर, मंग मी आते पळू का नही?"

"नको पळू," मी म्हणालो.

"मंग काय करू?"

नाटुकलीत तिला दुसरं काहीच करायला ठेवलेलं नव्हतं. शाळेच्या बाईंनी तिला हाताला धरून खाली घेतलं.

आता हेमकांत उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, हा माईक हिसकावणार. त्यानं माईक घेतलाच. एकदा फाटकाकडे पाहिलं, भीमसिंगकडे. मग म्हणाला, "दगड बदलसूत. नवलसिंगबाबानं नाव प्रेमचंदबाबाना बरोबर येई. खर्च मी करसू." आणि माझ्याकडे वळून, "खरं बोलाले छाती लागस. आमना सरनी ती दखाडी."

तिथून जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या खुर्च्यांवरून मागे गेल्या, मागून पुन्हा पुढे आल्या. पाहुणे उठून म्हणाले, की हुतात्म्याच्या गावात आज आपल्याला दुसरा वीर बघायला मिळाला, अशा सत्यनिष्ठ गुरुजींचा आदर्श साऱ्या जिल्ह्यानं घ्यावा. त्यांनी आपल्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. मुलं रांगेनं पाया पडली. कोणीतरी माझं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं, ते अनावरण संपायच्या आत गावाच्या ग्रुपवर फिरू लागलं. "जा गड्या"ला एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. आणि मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, असं म्हणायची रीत आहे, तसंच वाटलं. वरून आणखी थोडं. ते थोडं काय होतं, हे कळायला मला दुपार व्हावी लागली.

जेवून मी भिलाटीत गेलो. शाल अंगावरच होती. काढायचं सुचलं नाही. कालीबाई दारात बसून तांदूळजा निवडत होती. चेतनानं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. मी खुर्चीवर बसलो नाही, समोर ओट्यावर टेकलो. या बाईला मी आयुष्यभर अगं-तुगं करत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून आपसूक "तुम्ही" आलं.

"कालीबाई, मला माफ करा."

"ऐकं मी, गुरुजी. तठेच व्हतू ना."

"तुमच्या आबांचं, नवलसिंगांचं नाव दगडावर येणार आहे."

"हां. बरं व्हयनं."

तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मी पाणी प्यालो. आता ती दोन शब्द चांगले बोलेल, असं मला वाटत होतं. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या होत्या, हिच्याकडूनही काहीतरी हवं होतं. ती निवडत राहिली. मग मीच विचारलं, "आबांनी घरात कधी काही सांगितलं नव्हतं का? खरं काय झालं ते?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"सांगे ना. आम्ही धाकला व्हतूत तवय रोज सांगे. प्रेमचंददादाले कसं उचलं, नालामा पाय कसा सरकना, दादानं रगत पाठवर कसं गरम लागे. पोलिसस्नी मारेल खुणा दखाडे. आम्ही त्यावर बोट फिरवूत."

"मग?"

"मंग तुम्हनं नाटक उनं. नातूनं काम शे म्हनीसन आबा पुढे जाईसन बसना. घर उना, काही बोलना नही. दुसरा साले बी गया, तिसरा साले बी गया. दर साले जाये." तिचा आवाज चढलेला नव्हता. भाजीचा भाव सांगावा तशी ती सांगत होती. "मंग मी इचारू, आबा, नातूस्ले सांग ना तू दादाले कसं उचलं ते. तर म्हने, नही माय, मी उचलं नही. मी पळना व्हसू."

पळालो असेन? मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी तिच्याकडे पाहिलं. चेतनाही आजीकडे बघत होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मी म्हनू, आबा, तूच तर सांगे, तुन्हा पाठवर खुणा शेत. तर म्हने, मी अडानी मानूस, मन्हं ध्यान चुकनं व्हई. खुणा बैलनी मारेल व्हतीन. गुरुजीस्नी लिखेल शे. शाळामा सांगतस, झेंडासमोर सांगतस. झेंडासमोर कोणी खोटं बोलस का?"

कालीबाईनं जुडी पुन्हा हातात घेतली, एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

"मराना टाइमले मन्हा हात धरा त्यानी," ती म्हणाली. "रडे. मी इचारं, काय दुखस, आबा? तर म्हने, काली, माले पळाले नको व्हतं."